बंद पडलेला संगणक : आधी वाचा, मग हात लावा



विहिरीवरचे इंजीन बंद पडले, तर आपण ते लगेच विकून टाकतो काय? नाही. आधी टाकीत डिझेल आहे की नाही ते पाहतो. नळी पाहतो. पट्टा पाहतो. एवढे करूनही चालले नाही, तरच मिस्त्रीला बोलावतो.

संगणकाचेही तसेच करावे. पण संगणक बंद पडला, की शहाणी माणसेही लवकर हात टेकतात. "हे आता काई चालत नाई, बाप्पा. नवं घ्या लागते," असे म्हणतात आणि त्यावर गोणपाट टाकून देतात.

आपल्या मेळघाटात हे गोणपाट फार महाग पडते. सेमाडोहच्या माणसाला दुरुस्तीसाठी परतवाड्याला नाही तर धारणीला जावे लागते. जाण्यायेण्यात दिवस मोडतो. त्या दिवसाची मजुरी बुडते. इकडे बचत गटाचा हिशेब आणि पोरांचे दाखले त्या बंद पेटीत अडकून पडतात.

आपल्याच रस्त्यावरचे हरिसाल गाव तुम्हांला ठाऊक आहे. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या मदतीने त्याला डिजिटल गाव केले. संगणक गावात बाहेरून येऊ शकतो. पण त्याची रोजची निगा गावालाच राखावी लागते.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. म्हणूनच हा धडा तुमच्यासाठी आहे. संगणक आजारी पडला, की बहुधा आपले दुखणे पडद्यावर लिहून दाखवतो. न वाचणारा घाबरतो. वाचणारा उपाय शोधतो.

गाडी, बैल आणि गाडीवान

संगणकाची पेटी, पडदा, कळांची पाटी म्हणजे कीबोर्ड, आणि माउस ही झाली गाडी. वीज हे बैल. आणि विंडोज हा गाडीवान.

विंडोज म्हणजे खिडक्या. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९८५ साली हा गाडीवान पहिल्यांदा बाजारात आणला. पुढे त्याच्या नव्या नव्या पिढ्या आल्या. २००१ साली एक्सपी आली. २००९ साली विंडोज ७ आली. २०१५ साली विंडोज १० आली. गावोगावच्या जुन्या संगणकांत यांतलीच एखादी असते.

गाडी अडली, तर दोष बैलात आहे, गाडीत आहे की गाडीवानात, हे आधी ओळखावे. याच क्रमाने पाहावे.

पहिले पाहणे : वीज

कळ दाबली आणि दिवा लागला नाही, आवाजही आला नाही, तर दोष बहुधा विजेचा. भिंतीवरच्या प्लगात दुसरे काही लावून पाहा. पेटीच्या मागची जाड वायर दाबून बसवा. ही वायर हलून ढिली होते. एका गावात मी पाहिले आहे. संगणक सहा महिने कपड्याखाली झाकलेला होता. नवा घेण्यासाठी वर्गणीची बोलणी चालली होती. पाहिले तर वायर अर्धी बाहेर आलेली!

काही जुन्या पेट्यांच्या मागे एक लहान लाल कळ असते. तिच्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतात. आपल्या देशात २३० हाच आकडा दिसला पाहिजे. संगणक प्लगला जोडलेला असताना या कळीला हात लावू नये.

पेटीत विजेचा एक लोखंडी डबा असतो. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. तो डबा कधीही उघडू नका. ते काम कारागिराचे.

पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या, की संगणक रीतसर बंद करा आणि प्लग काढून ठेवा. फोनची किंवा इंटरनेटची तारही काढा. वीज त्या तारेतूनही शिरते.

दुसरे पाहणे : यंत्र

पेटीचा दिवा लागतो, पण पडदा काळा आहे. त्यावर 'नो सिग्नल' असे येते. याचा अर्थ, पडदा चांगला आहे, पण पेटीकडून त्याला निरोप मिळत नाही. पडद्याची वायर दोन्ही टोकांना घट्ट बसवा.

पेटी पुन्हा पुन्हा 'बीप' असा आवाज करत असेल, तर बहुधा आतली रॅमची पट्टी हललेली असते. रॅम म्हणजे संगणकाची काम करतानाची आठवण. प्लग काढा. मग चालू करण्याची कळ एकदा दाबा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. हात कोरडे करा. पेटीच्या उघड्या लोखंडाला बोट लावा. मग दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून पट्टी काढा. तिची सोनेरी कड पोरांच्या खोडरबराने हलकेच पुसा. खोडरबराचा चुरा झटका. पट्टी सरळ दाबून बसवा. खिट्टी 'टक' वाजली, की ती बसली. पट्टीवरची खाच आणि खोबणीतला उंचवटा जुळला तरच ती बसते. जोर करू नका.

संगणक तासाभराने आपोआप बंद पडतो काय? मग आत धूळ साचली असेल. पंखा नीट फिरत नाही आणि यंत्र तापते. प्लग काढून मऊ कुंचल्याने धूळ काढा. ओले फडके आत घालू नका.

तारीख रोज चुकते काय? आज लावली आणि उद्या पुन्हा कुठले तरी जुने साल दिसते काय? मग आतला गोल बटणसेल संपला आहे. त्यावर बहुधा सीआर २०३२ असे लिहिलेले असते. तो स्वस्तात मिळतो. तारीख चुकीची असली, तर इंटरनेटवरची पुष्कळ पाने उघडत नाहीत. 'हे सुरक्षित नाही' असे येते. माणसे इंटरनेटला दोष देतात. दोष असतो घड्याळाचा.

माउस म्हणजे इंग्रजीत उंदीर. पण खरा उंदीर वायर कुरतडतो. संगणकाजवळ धान्याचे पोते ठेवू नका.

माल आधी उतरवा

गाडी नदीत कलली, तर आपण आधी माल उतरवतो. संगणकातले कागद हा आपला माल. पेटीतून 'टक टक' असा नवाच आवाज येऊ लागला, तर कागद साठवणारी तबकडी म्हणजे हार्ड डिस्क मोडायला आली असे समजा. दुसरे काही करण्याआधी हिशेब आणि दाखले पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. यंत्र नवे मिळते. तीन वर्षांचा हिशेब बाजारात मिळत नाही.

तिसरे पाहणे : विंडोज

सुरू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ येऊन संगणक थांबला, तर आधी पाहा. कोणाचा पेनड्राइव्ह लावलेला राहिला आहे काय? जुना संगणक कधी कधी त्यातच विंडोज शोधत बसतो. पेनड्राइव्ह काढा आणि पुन्हा सुरू करा.

निळा पडदा आला, तर घाबरू नका. त्यावरची अक्षरे आणि आकडे जसेच्या तसे वहीत उतरवा, किंवा मोबाईलवर फोटो घ्या. इंग्रजी येत नसले तरी चालेल. त्या ओळीवरून कारागीर फोनवरही दोष सांगू शकतो. नुसते "बिघडलं" म्हटले, तर तो काय सांगणार?

एक्सपी आणि विंडोज ७ मध्ये सुरू करतानाच एफ ८ ही कळ टपटप दाबा. एक यादी येते. तीत 'सेफ मोड' निवडा. मग विंडोज कमीत कमी ओझे घेऊन चालते. असे चालले, तर यंत्र बहुधा ठीक आहे आणि नव्याने घातलेल्या एखाद्या कार्यक्रमाने घोटाळा केला आहे. तो काढून टाका. 'सिस्टीम रिस्टोअर' या सोयीने विंडोज मागच्या तारखेला नेता येते. त्यात आपले कागद तसेच राहतात.

संगणक फारच हळू चालतो काय? विंडोज ७ आणि १० मध्ये साठ्याची पट्टी पाहा. ती लाल झाली, तर कोठार भरले आहे. नको असलेल्या फिती आणि फोटो काढा. कचरापेटीही रिकामी करा. काढले म्हणून ते जात नाही, ते कचरापेटीत पडून जागा अडवते.

संगणक आपल्या मापाचा करा

जोडा पायाला लागला, तर आपण पाय कापत नाही. संगणकही आपल्या डोळ्याला आणि भाषेला जुळवून घ्यावा.

अक्षर बारीक दिसते काय? इंटरनेटचे पान वाचताना 'कंट्रोल' ही कळ दाबून धरा आणि अधिकाची + कळ दाबा. अक्षर मोठे होते. कंट्रोल आणि शून्य दाबले, की पहिल्यासारखे होते.

विंडोज १० मध्ये 'सेटिंग्ज'मध्ये भाषेची जागा असते. तेथे मराठी जोडता येते. त्यासाठी एकदा इंटरनेट लागते. मग पुष्कळ पाट्या मराठीत दिसतात. काही संगणकांत एकाच भाषेची विंडोज असते. तीत पाट्या बदलत नाहीत, पण मराठी लिहिता-वाचता येते. मराठी कळांच्या सरकारमान्य मांडणीला इनस्क्रिप्ट म्हणतात. तीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताला असतात. आठ-पंधरा दिवसांत बोटांना सवय होते.

म्हातारा गाडीवान

चोर नवी युक्ती काढतो, तेव्हा कंपनी विंडोजला नवे कुलूप देते. पण जुन्या विंडोजला ती कायम कुलपे देत नाही. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी संपली. विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नोंदणी करणाऱ्यांना तेवढी पुढे एक वर्षाची सवलत दिली.

म्हणून संगणक फेकायचा काय? नाही. म्हाताऱ्या गाडीवानाला रात्रीच्या आडवाटेने पाठवू नये, एवढेच. त्यावर हिशेब लिहा, पत्रे लिहा, पोरांना शिकवा. बँकेचे काम मात्र त्यावर करू नका. यंत्र चांगले असेल, तर लिनक्स नावाचा फुकट मिळणारा दुसरा गाडीवान बसवता येतो. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने त्यापासून 'बॉस' नावाची देशी जात तयार केली आहे. ती बसवण्याआधी सगळे कागद दुसरीकडे उतरवून घ्या.

आणखी एक. 'तुमच्या संगणकात व्हायरस शिरला, या नंबरावर फोन करा' अशी पाटी पडद्यावर आली, तर ती ठगाची समजा. फोन करू नका. संगणक बंद करा. कोणी पैसे लुबाडले, तर लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा.

लक्षात ठेवा

१. आधी वीज पाहा, मग यंत्र, मग विंडोज.
२. पडद्यावरची ओळ वाचा आणि वहीत उतरवा.
३. दुरुस्तीआधी कागद उतरवून घ्या.
४. प्लग काढल्याशिवाय पेटी उघडू नका.
५. विजेचा डबा कधीच उघडू नका.

प्रश्न

१. 'नो सिग्नल' याचा अर्थ काय?
२. तारीख रोज चुकत असेल, तर काय बदलावे?
३. पेटीतून 'टक टक' आवाज आला, तर सर्वांत आधी काय करावे?
४. जुन्या विंडोजवर बँकेचे काम का करू नये?

करून पाहा

संगणकाजवळ एक वही दोरीने बांधून ठेवा. बिघाड झाला, की तारीख, पडद्यावरची ओळ आणि केलेला उपाय तीत लिहा. पुढच्या वेळी तुम्ही गावात नसलात, तरी ती वही वाचून दुसरा कोणी संगणक सुरू करील.