अडलेल्या जुईचं बाळंतपण

जुईला तीन पिल्लं झाली, त्यांतलं एक जगलं. जुई पग जातीची, जेमतेम सात किलोची. तिच्या बाळंतपणाचं सगळं लिहून ठेवावंसं वाटतं, कारण उपयोगाची गोष्ट मला बहुतेक वेळा आयत्या वेळी डॉक्टरांकडून कळली. घातक सल्ले मात्र महिनाभर आधीपासून घरपोच येत होते.

सगळ्यांत जास्त वेळा ऐकलं ते हे: "वहिनी, कुत्र्यांचं काही बघावं लागत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्या कुठे दवाखान्यात जातात?" रस्त्यावरची कुत्री अडते तेव्हा ती एखाद्या पडक्या घरात जाऊन मरते आणि ते आपल्याला दिसत नाही. शिवाय गावठी कुत्री स्वतःच्या बळावर व्यालेल्या आयांच्या वंशातली असते. तिची पिल्लं निमुळत्या डोक्याची, अंगाने सडपातळ. पगचं डोकं मात्र माणसाने निवडून निवडून मोठं आणि गोल केलं, आणि कंबर अरुंदच राहिली. आईच्या कटीच्या हाडांतून पिल्लाचं डोकं बाहेर पडणं हीच मुळात अवघड गोष्ट होऊन बसली. बुलडॉगचंही तेच. चिवावा आणि टॉय पॉमची तऱ्हा थोडी वेगळी. त्यांच्या पोटात पुष्कळदा एक-दोनच पिल्लं असतात, त्यामुळे ती आईच्या मानाने मोठी वाढतात. एकटंच पिल्लू असेल तर कळा सुरू करण्यासाठी गर्भाशयाला त्याच्याकडून मिळणारा इशाराही अपुरा पडतो. दिवस भरून जातात आणि कुत्री शांत बसून राहते. ती शांतता चांगली नसते.

म्हणून मेटिंगची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. कुत्रीचे दिवस साधारण ६३ असतात. मेटिंगपासून मोजले तर ५८व्या दिवसापासून ६८व्या दिवसापर्यंत केव्हाही ती विऊ शकते, कारण नराचं बीज तिच्या पोटात काही दिवस जिवंत राहतं. ५५ दिवस उलटल्यावर एक्स-रे काढून घ्यावा. तोवर पिल्लांची हाडं पुरेशी टणक झालेली असतात आणि डॉक्टरांना कवट्या मोजता येतात. या एक्स-रेचा खर्च मला आधी जास्तीचा वाटला होता. पण आत तीन आहेत हे माहीत नसतं, तर पहिल्या पिल्लानंतर जुई थकून निजली तेव्हा सगळं आटोपलं असं कोणीही म्हटलं असतं.

दुसरी गोष्ट थर्मामीटर. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात थर्मामीटर ठेवून ताप बघायचा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते ९९च्या खाली उतरलं की साधारण २४ तासांच्या आत कळा सुरू होतात. जुईचा पारा संध्याकाळी उतरला. तिने जेवण सोडलं, जुनी चादर ओरबाडून एका कोपऱ्यात गोळा केली, धापा टाकायला लागली, मधूनच थरथरायची. ही पहिली पायरी. ती सहा ते बारा तास चालते, कधी त्याहून जास्त, आणि तेवढा वेळ खरोखरच द्यायचा असतो. अंधुक उजेड, शांत खोली, ओळखीचं एकच माणूस. शेजारच्या मुलांना मी दारातूनच परत पाठवलं.

त्यापुढे मात्र घड्याळ समोर ठेवावं लागतं. पोट आवळून जोराच्या कळा येत आहेत आणि अर्ध्या तासात पिल्लू बाहेर आलेलं नाही, तर डॉक्टर. कळा हलक्या आणि तुटक आहेत आणि दोन तासांत काही नाही, तरी डॉक्टर. आत पिल्लं शिल्लक आहेत हे ठाऊक असताना दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त वेळ गेला, तरीही डॉक्टर. आणि पहिलं पिल्लू येण्याआधीच गडद हिरवा स्राव दिसला, तर एक मिनिटही थांबायचं नाही. वार सुटली की तो हिरवा रंग येतो, आणि वार सुटली म्हणजे पिल्लाचा प्राणवायू तुटला. पहिल्या पिल्लानंतर मात्र तसा स्राव येतो, त्याने घाबरून जाऊ नये.

जुईचं पहिलं पिल्लू पाणमोटीसकट आलं. तिने ते चाटलं, पण पाणमोट फोडता येईना. पगच्या चपट्या तोंडाला आणि पुढे आलेल्या खालच्या दातांना ते जमत नाही, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. म्हणून मी बोटांनी ती तोंडाच्या बाजूने फाडली, नाक-तोंड पुसलं आणि कोरड्या टॉवेलने पाठ चोळत राहिले, ते कुईं करेपर्यंत. पिल्लाला उलटं धरून झोके द्यायची पद्धत जुने लोक सांगतात. ती करू नका, इवल्याशा मेंदूत त्याने रक्तस्राव होऊ शकतो. नाळ पोटापासून बोटभर अंतरावर उकळलेल्या दोऱ्याने बांधून पुढे कापायची, ओढायची नाही.

दुसऱ्याच्या वेळी कळा जोरात आल्या आणि बाहेर काहीच येईना. अर्धा तास झाला. फोनवर एक ओळखीचे गृहस्थ मेडिकलमधून कळा वाढवण्याचं इंजेक्शन आणून टोचा म्हणत होते, त्यांच्याकडे म्हशीला तेच देतात म्हणून. आमच्या तालुक्याच्या गावातले डॉक्टर गाई-म्हशींचेच, पण हाक मारताच आले. हातमोजा घालून बोटाने तपासलं आणि म्हणाले, "ताई, डोकं हाडात अडकलंय. आता इंजेक्शन दिलं तर गर्भाशय फाटेल. मी देणार नाही. ताबडतोब शहरात न्या, सिझेरियन लागेल." ज्या डॉक्टरने त्या रात्री इंजेक्शन द्यायला नकार दिला, त्याच्यामुळे माझी जुई आज जिवंत आहे. वाट अडलेली नाही आणि गर्भाशय नुसतंच थकलंय, एवढी खात्री झाल्यावरच ते औषध डॉक्टरने द्यायचं असतं. दिसणारा पाय किंवा शेपूट धरून ओढणंही तितकंच वाईट.

यांनी गाडी काढली. शहरातल्या दवाखान्याचा रात्रीचा फोन एक्स-रेच्या दिवशीच घेऊन ठेवला होता, म्हणून आम्ही पोहोचायच्या आधी ऑपरेशनची तयारी झालेली होती. पहिलं पिल्लू खोक्यात टॉवेलात गुंडाळून, शेजारी कोमट पाण्याची बाटली ठेवून सोबत नेलं. सोनोग्राफीत पिल्लाच्या काळजाचे ठोके मिनिटाला दोनशेच्या वर हवेत. आत जे जिवंत होतं त्याचे दीडशेच्या आसपास होते, म्हणजे ते घुसमटत होतं. अडकलेलं पिल्लू मेलेलंच निघालं. पूर्ण वाढलेलं, गुबगुबीत, कपाळावर तीच सुरकुती. तिसरं खूप चोळल्यावर रडलं.

तिसऱ्याबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण घरी आल्यावर आपण निश्चिंत होतो आणि पिल्लं त्याच दिवसांत जातात. नवजात पिल्लाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या खोक्यात ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब हवी, आणि गरम वाटलं तर सरकायला थंड बाजूही हवी. पिल्लू गार पडलं की त्याची आतडी थांबतात. अशा पिल्लाच्या तोंडात दूध घातलं तर ते पचत नाही, फुप्फुसात जाण्याची भीती वेगळीच. आधी अंगाशी धरून सावकाश ऊब द्यायची, मग दूध. आईचा चीक पहिल्या दिवसातच पोटात जायला हवा. नंतर तो दिला तरी त्यातली रोग परतवण्याची ताकद पिल्लाच्या रक्तात उतरत नाही. आईला दूध नसेल तर पिल्लांसाठीची तयार दुधाची पावडर मिळते. गाईचं दूध पुरत नाही, कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं कितीतरी जास्त असतात.

आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा खोक्याशेजारी ठेवा. रोज ठरावीक वेळी वजन करायचं. पहिल्या दिवशी किंचित उतरलं तर चालतं. पुढे रोज वाढलंच पाहिजे, आणि दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर डॉक्टरांकडे न्यायचं. आमचं तिसरं पिल्लू दिसायला भावंडासारखंच होतं, चोखतही होतं, पण काटा रोज खाली जात होता. डॉक्टरांनी नळीने दूध घातलं, आम्ही आळीपाळीने त्याला उशाशी घेऊन जागलो. ते वाचलं नाही. पोटात घुसमटलेल्या पिल्लाला बाहेर आल्यावरही त्याची किंमत मोजावी लागते, असं डॉक्टर म्हणाले. मला खूप रडू आलं. "कुत्र्याचंच तर पिल्लू" असं म्हणणाऱ्यांना मी उत्तर दिलं नाही, आणि तुम्हीही देत बसू नका.

सिझेरियननंतर कुत्री भुलीतून उठते तेव्हा पिल्लं तिला परकी वाटू शकतात. जुई पहिल्या रात्री गुरगुरली. आम्ही पिल्लं तिच्या सडाला लावायचो, पिऊन झालं की उचलून घ्यायचो. दोन दिवसांत तिने त्यांना आपलं मानलं. तिसरं गेल्यावर एकच पिल्लू प्यायला उरल्याने बाकीचे सड भरून राहायचे. ते रोज हाताने चाचपावेत. एखादा सड गरम, लाल आणि दगडासारखा लागला तर आपोआप उतार पडेल म्हणून वाट बघू नये.

माझ्या मैत्रिणीच्या पॉमला चार पिल्लं झाली, सगळी टुणटुणीत. तिसऱ्या आठवड्यात आईच अचानक ताठरली, पाय थरथरायला लागले, अंग तापलं. दुधावाटे रक्तातलं कॅल्शियम संपलं होतं. डॉक्टरांनी शिरेतून हळूहळू कॅल्शियम सोडलं म्हणून वाचली. गाभणपणात तिला रोज कॅल्शियमचं टॉनिक पाजलं होतं, कोणीतरी चांगल्या मनाने सुचवलेलं. पण बाहेरून आयतं मिळत राहिलं की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायचं काम सैल सोडतं आणि नेमकं दूध उतरल्यावर ते कमी पडतं. लहान जातीच्या व्यालेल्या कुत्रीला थरथर सुटली तर पिल्लं बाजूला करून त्याच तासाला दवाखाना गाठावा.

नराच्या मालकांना ठरल्याप्रमाणे एक पिल्लू हवं होतं, तेही महिन्याचं झालं की. त्यांना बजावलं की आठ आठवडे होण्याआधी पिल्लू विकायला २०१७च्या केंद्रीय नियमांत मनाई आहे, आणि देवघेव असली तरी पिल्लाला आई तेवढीच लागते. पुढच्या माजासाठी त्यांनी आधीच पुन्हा विचारून ठेवलं. मी नाही म्हटलं. कुत्रीला एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत, नाहीतर ती आजारी पडते, हे घरोघरी ऐकू येतं आणि ते खरं नाही. उलट नसबंदी केल्याने म्हातारपणी गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो. पिल्लाचं अंगावरचं पिणं सुटल्यावर आणि दूध आटल्यावर जुईची नसबंदी करून घेतली. ज्यांना तरीही पिल्लं हवीच आहेत त्यांनी मेटिंगच्या आधीच सिझेरियनचे पैसे बाजूला काढावेत, आणि रात्री दोन वाजता कुत्रीचं पोट उघडू शकेल असा दवाखाना किती अंतरावर आहे ते स्वतः जाऊन पाहावं. तो तासाभराच्या वाटेत नसेल तर लहान चणीच्या, चपट्या तोंडाच्या कुत्रीला गाभण राहू देऊ नये.