सामाईक इलेक्ट्रॉनांची ओढ

सामाईक विहिरीवर दोघा भावांचा हक्क सारखाच असतो. परंतु ज्याची मोट मोठी, त्याच्या शेतात पाणी अधिक जाते. अणूंच्या भागीदारीतही असाच प्रकार घडतो.

दोन अणू पुष्कळदा इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक करून एकत्र राहतात. ह्या बंधनास सहसंयुज बंध म्हणतात. हायड्रोजनच्या दोन अणूंमध्ये ही वाटणी समसमान होते. अणू भिन्न जातींचे असले, म्हणजे मात्र ती समता टिकत नाही. सामाईक इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या अणूच्या ह्या प्रवृत्तीस विद्युतऋणता असे नाव आहे.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९३२ साली ही ओढ अंकांत मांडली. त्यांच्या श्रेणीत फ्लोरीन सर्वांत वरचढ आहे. त्याचा अंक ३.९८. ऑक्सिजनचा ३.४४, क्लोरीनचा ३.१६, हायड्रोजनचा २.२० आणि सोडियमचा अवघा ०.९३. मिठातील क्लोरीन सोडियमचा इलेक्ट्रॉन जवळजवळ हिरावूनच घेतो. तिला भागीदारी म्हणणे कठीणच!

पाण्यात गोष्ट इतक्या थराला जात नाही. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्या बाजूस खेचतो. त्यामुळे त्याच्याकडे किंचित ऋण प्रभार आणि दोन्ही हायड्रोजनांकडे किंचित धन प्रभार येतो. अशा बंधास ध्रुवीय म्हणतात. पण बंध ध्रुवीय असला, म्हणजे रेणूही ध्रुवीय असतोच असे नव्हे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ रेषेत असतो. दोन्हीकडची ओढ परस्परांना छेदून टाकते. पाण्याचा रेणू १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेला असल्याने त्याचे दोन ध्रुव कायम राहतात.

ह्या वाकण्यावर केवढे अवलंबून आहे! सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू पाहा. त्याचाही रेणू वाकलेला आहे आणि पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड आहे. तरी तो उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो. गंधकाचा अंक २.५८, म्हणजे त्याची ओढ दुबळी. पाण्यातील धन हायड्रोजन मात्र शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनला घट्ट बिलगतो; ती मिठी सोडवावयास १०० अंशांची उष्णता लागते. ही मिठी नसती, तर नद्या, समुद्र आणि आपल्या अंगातील रक्त द्रवरूपात राहिलेच नसते.

मिठाचा खडा पाण्यात विरघळतो, तोही ह्याच ध्रुवांच्या बळावर. तेलाच्या रेणूत असे ठळक ध्रुव नसतात. म्हणून कितीही ढवळले तरी तेल पुन्हा पाण्यावर येऊन तरंगते. हळदीचा पिवळा रंगही पाण्यापेक्षा तेलातच चांगला उतरतो, हे फोडणी करणाऱ्यांना विद्युतऋणतेचे नाव ऐकण्यापूर्वीच ठाऊक होते.