जुन्या ट्रकचा वॉटर पंप : ठिबक लपवू नका, ओळखा

भिवंडी, मालेगाव, धुळे, सोलापूर, मिरज अशा कितीतरी गावांत आपल्या बांधवांचा चरितार्थ मालवाहतुकीवर चालतो. कुणाचा स्वतःचा एखादा ट्रक आहे, कुणाचे हमरस्त्याला लागून गॅरेज आहे, कुणी रेडिएटरचे झाळकाम करतो, तर कुणी सुट्या भागांचे दुकान चालवितो. यांपैकी अनेकांचा रोजचा संबंध नव्या कोऱ्या गाड्यांशी नव्हे, तर दहा-पंधरा वर्षे चाललेल्या गाड्यांशी येतो. अशा गाडीत जो लहानसा भाग बिघडला असता संपूर्ण इंजिन धोक्यात येते, त्या वॉटर पंपाविषयी आज आपण विचार करू.

पंपाचे काम

इंजिनात डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. रेडिएटरच्या खालच्या पाईपातून थंड पाणी ओढून ते ब्लॉक आणि हेडमधून फिरविणे व वरच्या पाईपाने पुन्हा रेडिएटरमध्ये पाठविणे हे पंपाचे काम. पंप पट्ट्यावर म्हणजे फॅन बेल्टवर चालतो. बऱ्याच जुन्या ट्रकांत पंखाही पंपाच्याच शाफ्टवर बसविलेला असतो. त्यामुळे पंप बसला की पाणी फिरणे आणि हवा लागणे ही दोन्ही कामे एकदम बंद पडतात.

२०२० पासून सक्तीच्या झालेल्या बी.एस.-६ मानकाच्या गाड्यांत इंजिनावर संगणकाचे नियंत्रण असते. इंजिन फार तापले तर ते चालकाला इशारा देते, अनेक गाड्यांत इंजिनाची ताकदही आपोआप कमी होते. जुन्या साध्या पंपाच्या डिझेल गाडीत अशी सोय नाही. तेथे चालकाचे डोळे, कान आणि एक काटा एवढीच राखण असते.

ते बारीक भोक कशासाठी?

पंपाच्या हाउसिंगमध्ये शाफ्ट बेअरिंगवर फिरतो. शाफ्टच्या मागच्या टोकाला पाणी ढकलणारा इंपेलर असतो. इंपेलर आणि बेअरिंग यांच्यामध्ये सील असते. सील आणि बेअरिंग यांच्यामधल्या जागेतून हाउसिंगच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक काढलेले असते. सील झिजून पाणी झिरपू लागले तर ते बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर पडावे, आणि मालकाला वेळीच कळावे, यासाठी कारखान्यातच ते ठेवलेले असते. नवे सील बसविल्यावर सुरुवातीला एखाद-दुसरा थेंब आला तर घाबरू नये. पण ठिबक चालूच राहिली, किंवा भोकाखाली गंजाची, पांढऱ्या क्षाराची अथवा कूलंटच्या रंगाची ओघळ दिसली, तर सील गेले असे समजावे.

आमची एक चूक

येथे आमचाच एक अनुभव सांगणे योग्य ठरेल. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सहा सिलिंडरचा एक जुना ट्रक होता. भिवंडीहून सूत भरून तो मालेगावला जात असे. फेरीमागे दोन-तीन लिटर पाणी घालावे लागते, अशी तक्रार चालकाने दोन वेळा केली. तिसऱ्या वेळी गाडी भरलेली होती, माल पोचविण्याचा वायदा होता. रस्त्यातल्या मिस्त्रीने ते भोक चिकट मसाल्याने बुजविले आणि ठिबक थांबली. आम्हालाही हायसे वाटले. आणखी काही फेऱ्या सुरळीत झाल्या.

पण पाणी थांबले नव्हते, फक्त त्याची वाट बदलली होती. ते बेअरिंगमध्ये शिरले, ग्रीस धुऊन गेले आणि कसारा घाटाच्या चढावर बेअरिंग तुटले. पंखा पुढे सरकून रेडिएटरवर आपटला आणि पाणी वाहून गेले. चालकाने काट्याकडे पाहिले तर काटा खाली उतरत होता. गाडी थंड होते आहे, असे समजून त्याने चढ संपेपर्यंत ती रेटली. वास्तविक काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे तापमान दाखवितो, पाणीच संपले तर तो खोटा दिलासा देतो. हेड वाकले, गॅस्केट जळाले, दोन पिस्टन धरले. माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागला, त्या दिवशीचे भाडे गेले आणि कित्येक दिवस गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली. त्या पंपाचे किट एका फेरीच्या डिझेलपेक्षाही कमी किमतीत आले असते.

दोष एकट्या मिस्त्रीचा नव्हता. "आजचा दिवस निघू दे," असे त्याला आम्हीच सांगितले होते.

तपासणी कशी करावी?

गाडी गरम होते म्हणून लगेच पंप बदलावयास घेऊ नये. इंजिन बंद आणि थंड असताना पुढील क्रमाने पाहावे.

१. पट्टा : दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला असता पट्टा साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. ढिला, तेलकट किंवा घासून चकाकणारा पट्टा घसरतो आणि निर्दोष पंपही मंद फिरतो. उलट पट्टा फार ताणला तर त्याचा सारा भार बेअरिंगवर येतो. जुन्या गाड्यांत बेअरिंग लवकर जाण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

२. बेअरिंग : पंखा पंपावर असेल तर पात्यांची टोके दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे आणि वर-खाली हलवून पाहावे. खडखड किंवा हलणे जाणवले तर बेअरिंग झिजले. पट्टा उतरवून पुली हाताने फिरवावी, ती खरखरीत किंवा अडखळत फिरू नये. पंख्याचे एखादे पाते वाकलेले असेल तर पंखा बदलावा, कारण असमतोल पंखा नवे बेअरिंगही खातो.

३. सील : बॅटरी लावून हाउसिंगखालचे भोक पाहावे. पाणी उडून सुकलेले असले तरी ओघळीची खूण राहतेच.

४. इंपेलर : बाहेर थेंबभर गळती नाही, पट्टा चांगला आहे, तरी भरलेली गाडी चढावर तापते. अशा वेळी इंपेलरची पाती गंजून झिजलेली असू शकतात, किंवा इंपेलर शाफ्टवर सैल होऊन जागच्या जागी फिरत असतो. थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून गाडी चालू करावी. गरम होऊन थर्मोस्टॅट उघडला की आतले पाणी वाहताना दिसले पाहिजे. ते दिसले नाही तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यातील गरम पाण्यात धरावा. पाणी उकळीला येण्याआधीच तो उघडला तर तो ठीक आहे, मग संशय पंपावर किंवा तुंबलेल्या रेडिएटरवर घ्यावा.

५. हेड गॅस्केट : रेडिएटरमधून सतत बुडबुडे येत असतील तर आजार पंपाचा नसून हेड गॅस्केटचा असण्याचा संभव मोठा आहे. अशा गाडीला नवा पंप बसविणे म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालविणे होय.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला येत नाही, डिझेल जास्त जळते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत जाते आणि गाडी अधिकच तापते.

किट की नवा पंप?

हाउसिंग चांगले असेल तर बेअरिंग आणि सीलचे किट टाकून काम होते. मात्र पंप खोलल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. सील बसण्याची जागा खड्डे पडून खराब झाली आहे काय, बेअरिंगचे घर सैल झाले आहे काय आणि इंपेलर हाउसिंगला घासला आहे काय. यांपैकी एकही दोष असेल तर किटचे पैसे फुकट जातात, पूर्ण पंपच घ्यावा.

बेअरिंग हातोड्याने न ठोकता प्रेसवर बसवावे. सील बसविताना दाब त्याच्या बाहेरच्या कडेवर द्यावा, घासणाऱ्या गुळगुळीत तोंडाला तेलकट बोट लावू नये. इंपेलर आणि हाउसिंगमधले अंतर कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवावे. जुने पॅकिंग पूर्ण खरवडून काढावे आणि बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करून आवळावेत. ग्रीस निप्पल असलेल्या पंपात बेताचेच ग्रीस द्यावे, गनने दाबून भरलेले ग्रीस सीलमध्ये शिरते.

पंप बसविण्यापूर्वी संपूर्ण पाणी काढून गंज आणि गाळ धुऊन टाकावा. विहिरीचे किंवा बोअरचे खारट, जड पाणी सील आणि इंपेलर दोन्हींचा शत्रू आहे. कूलंट डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात शुद्ध पाण्यात मिसळून घालावे. तो थंड प्रदेशापुरता नाही, गंज रोखण्याचे काम तो आपल्याकडेही करतो. पाणी भरल्यावर इंजिन चालवून आतली हवा निघू द्यावी, पुन्हा भरावे आणि पहिल्या फेरीनंतर पट्टा व पाण्याची पातळी परत तपासावी.

रस्त्यात बिघाड झाल्यास

पट्टा तुटला किंवा पंप जाम झाला तर गाडी सुरक्षित जागी घेऊन ताबडतोब बंद करावी. चढ संपेपर्यंत ओढण्याचा मोह टाळावा. निदान अर्धा तास थांबल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, झाकण उघडताच ते तोंडावर उसळून हात-तोंड भाजते. थंड झाल्यावरही जाड कापड धरून झाकण हळू फिरवावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतले तर हेड किंवा ब्लॉक तडकू शकतो. गाडीत एक जादा पट्टा, लागणारे पाने आणि दहा लिटर स्वच्छ पाणी नेहमी असावे. आणि ध्यानात ठेवावे की पाणी कमी होत असताना काटा अचानक खाली आला, तर ती आनंदाची गोष्ट नाही.

शेवटी व्यवहाराची गोष्ट

हदीसमध्ये एक प्रसंग आला आहे. अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की पाऊस लागला होता. तेव्हा, लोकांना दिसावे म्हणून भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले.

पंपाची ठिबक हीही तशीच आतली ओल आहे. भोक बुजविणारा मिस्त्री ती ओल ढिगाखाली ढकलतो. बनावट किट असली म्हणून विकणारा दुकानदार तेच करतो आणि दोष झाकून जुनी गाडी विकणारा मालकही तेच करतो. म्हणून मिस्त्री बांधवांनी काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा आणि दोष दाखवावा. दुकानदाराने माल कोणत्या प्रतीचा आहे ते आधीच सांगावे. कंपनीचा नसलेला माल विकणे चूक नाही, तो कंपनीचा म्हणून विकणे चूक आहे. गाडी विकताना पंप, हेड, पाणी यांविषयी विचारण्याआधीच सांगून टाकावे. त्याने हजार-दोन हजार कमी मिळतील, पण तो पैसा हलाल असेल आणि गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच दारी येईल.

आणि मालकांनी, विशेषतः आमच्यासारख्यांनी, मिस्त्रीला "आजचा दिवस निघू दे" असे सांगणे बंद करावे. तो दिवस निघतो, पण त्याची किंमत घाटात मोजावी लागते, आणि तेथे आपला चालक एकटा असतो. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो.