झेनॉनला पकडणारे रेणू आणि रसायनशास्त्राची वाट

‘बी.एस्सी. केमिस्ट्री करून पुढे काय, क्वालिटी कंट्रोलच ना?’ असं पालक विचारतात, तेव्हा मी त्यांना झेनॉन एमआरआयबद्दल सांगते.

नेहमीच्या एमआरआयमध्ये संकेत येतो तो मुख्यतः शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून. फुप्फुसात हवाच जास्त, त्यामुळे तिथलं चित्र फिकं येतं. लेसर आणि रुबिडियमची वाफ वापरून झेनॉन-१२९ वायूचा संकेत हजारो पटींनी वाढवता येतो. हा वायू श्वासातून दिला की फुप्फुसात हवा कुठे पोचत नाही, ते दिसतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये त्याला मान्यता दिली.

पण याच वायूने कर्करोगाची पेशी शोधायची, तर झेनॉन निष्क्रिय. तिला तो आपणहून चिकटणार नाही. त्यासाठी त्याला सामावून घेणारा पोकळ रेणू लागतो. असा एक रेणू, क्रिप्टोफेन, फ्रान्समध्ये आंद्रे कोले यांच्या गटाने १९८१ मध्ये बनवला. या पिंजऱ्यात शिरलेल्या झेनॉनची वारंवारता बदलते, म्हणून तो वेगळा ओळखता येतो. २००१ मध्ये बर्कलीत अलेक्झांडर पाइन्स आणि सहकाऱ्यांनी पिंजऱ्याला विशिष्ट प्रथिनाला चिकटणारं बायोटिन जोडून ते प्रथिन हुडकून दाखवलं.

अडचण अशी की मूळ क्रिप्टोफेन पाण्यात विरघळत नाही, आणि रक्त म्हणजे बहुतांशी पाणीच. मग त्यावर कार्बोक्झिलिक आम्लाचे गट बसवावे लागतात, आणि तेही आतली पोकळी न बिघडवता. संश्लेषणाचे अनेक टप्पे पार करून शेवटी पदरात पडतात काही मिलिग्रॅम. मला या क्षेत्राचं खरं आकर्षण इथेच वाटतं, कारण हे काम यंत्र करत नाही, रसायनशास्त्रज्ञ करतो. हे पिंजरे अजून रुग्णालयात पोचलेले नाहीत, हेही मुलांना आधीच सांगा.

बारावी विज्ञाननंतर पुण्याच्या आयसरचा पाच वर्षांचा बीएस-एमएस हा एक रस्ता. साधं बी.एस्सी. करून जॅम परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी. हा दुसरा. संशोधन करायचं तर दोन्हीनंतर पीएच.डी. अटळ. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो, पण स्थिर नोकरी तिशीच्या आसपास. घरचं कर्ज मुलाच्या पगारावर फेडायचं असेल, तर हा हिशेब प्रवेशाआधीच मांडा.

संशोधन सोडावंसं वाटलं तरी सेंद्रिय संश्लेषण आणि एनएमआर (एमआरआयमागचंच तंत्र) या दोन्ही कौशल्यांना औषध कंपन्यांत मागणी आहे. प्रयोगशाळेत रमणाऱ्या, पण रसायनांपेक्षा लेसर आवडणाऱ्या मुलीनं भौतिकशास्त्र घ्यावं. लेसरने झेनॉनचा संकेत वाढवण्याची बाजू भौतिकशास्त्रज्ञांचीच आहे.