फलकावरील गुण

वार्षिक परीक्षेचा निकाल फलकावर लागला कीं मुलें आधीं आपलें नांव पाहतात, आणि लगेच शेजाऱ्याचें. हें दुसरें पाहणें योग्य कीं अयोग्य, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाहीं.

अमेरिकेंत इ. स. १९७४ च्या कायद्यानें, सरकारी द्रव्यसाह्य घेणाऱ्या शाळेस पालकांच्या लेखी संमतीवांचून विद्यार्थ्याची गुणनोंद सहसा इतरांस दाखवितां येत नाहीं. विद्यार्थी अठरा वर्षांचा झाला म्हणजे ही संमति त्याची स्वतःची. तरीहि सीमेचा प्रश्न राहिलाच. ओक्लाहोमा राज्यांतील ओवासो येथें मुलें एकमेकांचे पेपर तपासून गुण वर्गांत मोठ्यानें सांगत. एका मातेनें दाद मागितली. इ. स. २००२ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, शिक्षकाच्या वहींत चढण्यापूर्वींचे असे गुण या कायद्याच्या कक्षेंत येत नाहींत. कायद्याचा अर्थ तसा असेलहि. पण कमी गुणांच्या मुलाची मान त्यानें वर होत नाहीं.

नांवाऐवजीं क्रमांक लावावा, असें कोणी म्हणेल. उपाय बरा, परंतु क्रमांक हजेरीपटाचेच असले तर नांव कोणासहि ओळखतां येतें.

मीहि अनेक वर्षें नांवांनिशीं यादी लावीत असें. एकदां शाळा सुटल्यावर एक विद्यार्थी शेवटच्या ओळीवर हात ठेवून उभा होता. मला वाटलें, वाचीत आहे. तो ती झांकीत होता. तेव्हांपासून मी प्रत्येकाचे गुण घडी घातलेल्या कागदावर देतों. पहिल्या तिघांचीं नांवें मात्र, त्यांस विचारून, अजूनहि लावतों.