बेंजो गेला, कीबोर्ड आला : मिरवणुकीच्या नादात काय बदलले?

(बी. ए. भाग २)

आमच्या घरातून कॉलेजात येणारा मी पहिलाच. संगीताचे शिक्षण कुणाचेच नाही. पण चिंतामणीच्या या कळंबात वराती-मिरवणुका ऐकून कान तयार होतो. या मिरवणुकांतील बेंजो मागे पडला आणि कीबोर्ड पुढे आला. नागपूरकडील धुमाल पार्टीत आज चाल वाजते ती बहुधा कीबोर्डवरच. या बदलाने नादात नेमके काय घडले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम वाद्याची ओळख. आपला बेंजो म्हणजे अमेरिकेतला बॅन्जो नव्हे, तो बुलबुलतरंग. १९१२ साली जपानमधील नागोया येथे मोरिता गोरो यांनी बनविलेले ताइशोगोतो हे त्याचे मूळ. डाव्या हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि उजव्या हातातील पत्तीने तारा छेडायच्या. चालीच्या तारांशेजारी आधारस्वराच्या तारा असतात.

त्यामुळे एका आघातात तीन कामे होतात : चाल, आधारस्वर आणि लय. तारेचा स्वर उमटताच विरू लागतो. तो लांबवायचा तर पत्ती भराभर फिरवावी लागते आणि त्या आघातांनी ढोलाच्या दोन ठोक्यांमधली जागा भरते. इंग्लंडच्या ‘द शॅडोज’ या वाद्यवृंदात हे भरणीचे काम र्‍हिदम गिटार करी. १९६० च्या ‘अपाची’ या धुनेत हँक मार्विन यांची चाल लक्षात राहते; पण तिला खालून उचलून धरते ती ब्रूस वेल्च यांची गिटार.

कीबोर्डचे गणित उलटे आहे. १९८० मध्ये कॅसिओने कॅसिओटोन बाजारात आणला; पुढे आपल्याकडे कीबोर्डलाच ‘कॅसिओ’ म्हणू लागले. त्यात सनई, बासरी, व्हायोलिन असे अनेक आवाज मिळतात. उन्हात तारा उतरण्याची भीती नाही. परंतु सनईचा किंवा व्हायोलिनचा आवाज लावला, की बोट दाबलेले असेपर्यंत स्वर सपाट टिकतो. आघाताची धार जाते. मग लय सांभाळण्याचा सगळा भार ढोल-ताशावर पडतो आणि ते अधिक जोराने वाजू लागतात. डाव्या हाताने खालच्या सप्तकात स्वरमेळ धरला, तर तो ढोलाच्या घुमाऱ्यात मिसळून नाद गढूळ होतो.

यावर उपाय आहे. डावा हात मधल्या सप्तकात ठेवावा, स्वरमेळ तोडून तोडून वाजवावा, बोटे लवकर उचलावीत. म्हणजे कीबोर्डवादकाने बेंजोवाल्याचा उजवा हात शिकावा.

येथे प्रश्न केवळ नादाचा नाही. ज्याची सारी मेहनत पत्तीच्या हातात मुरली आहे, त्याला नवे वाद्य घेण्यास पैसा लागतो आणि शिकण्यास वेळ. तोपर्यंत लग्नसराई निघून जाते. माझ्या मते दोन्ही वाद्ये एकत्र ठेवणे हिताचे : चाल व रंग कीबोर्डकडे, आधारस्वर व लय बेंजोकडे. आपल्या स्नेहसंमेलनात एकच धून दोन्ही प्रकारे वाजवून पाहावी आणि प्राध्यापकांनी व मित्रांनी ती ऐकून आपले मत द्यावे, अशी विनंती आहे.