मैदान कोणाचे? : एका महिला फुटबॉल संघाचा अभ्यास

गेल्या हिवाळ्यात आम्ही आठ-दहा मैत्रिणी फुटबॉल घेऊन गावातल्या एका मैदानावर गेलो होतो. अर्धा तासही झाला नसेल, तोच मुलांचा घोळका आला आणि आमचा खेळ थांबला. कडेला उभ्या असलेल्या एका काकांनी विचारले, "पोरीईचं काय काम हाय वं अठी?" त्या प्रश्नात राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होते, म्हणूनच तो मला अधिक लागला. इतिहासाची विद्यार्थिनी असल्याने उत्तर शोधण्यासाठी ग्रंथांकडे वळले आणि इंग्लंडमधील प्रेस्टन या गावी जाऊन पोहोचले.

वरूड कोठे आणि प्रेस्टन कोठे, असे वाचकांना वाटेल. पण प्रेस्टन हे लँकेशायर परगण्यातील कापडगिरण्यांचे गाव. गेल्या शतकाच्या आधीपासून आपल्या वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात जात असे आणि अमरावतीच्या नावावरून तेथे त्याला 'ऊमरा' म्हणत. तेव्हा तो मुलूख आपल्याला अगदीच परका नाही.

या प्रेस्टनमध्ये 'डिक, कर आणि कंपनी' या नावाचा ट्रामगाड्या व रेल्वे इंजिने बांधणारा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात तेथे दारूगोळा तयार होऊ लागला. पुरुष आघाडीवर गेले आणि त्यांच्या जागी स्त्रिया आल्या. जेवणाच्या सुटीत या स्त्रिया कारखान्याच्या आवारात फुटबॉल खेळत. त्यांतूनच १९१७ साली 'डिक, कर लेडीज' हा संघ उभा राहिला. कचेरीत काम करणारे आल्फ्रेड फ्रँकलंड त्याचे व्यवस्थापक झाले. त्या वर्षीच्या नाताळच्या दिवशी प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर पहिला मोठा सामना झाला. सुमारे दहा हजार प्रेक्षक आले. संघाने ४–० असा विजय मिळविला आणि जमलेला पैसा जखमी सैनिकांच्या इस्पितळाला दिला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या मुलींना मैदान मिळाले ते धर्मकार्याच्या निमित्ताने. खेळण्याचा हक्क म्हणून ते कोणी दिले नव्हते.

युद्ध संपले, पण खेळ संपला नाही. १९२० मध्ये फ्रान्सचा महिला संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर आला आणि त्यांच्याशी सामने झाले. त्याच वर्षी २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर सेंट हेलेन्सच्या संघाविरुद्ध सामना झाला. तो पाहण्यास ५३,००० लोक हजर होते आणि हजारो लोकांना दारातूनच परत फिरावे लागले. तोही सामना ४–० असा जिंकला. या संघाची लिली पार ही डाव्या बगलेवरची खेळाडू वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास संघात आली होती. तिच्या फटक्याची ख्याती दूरवर पसरली. पुढे २००२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी, इंग्लंडच्या फुटबॉल कीर्तिमंदिरात स्थान मिळविणारी ती पहिली स्त्री ठरली.

असा भरभराटीचा संघ मोडला कसा? पराभवाने खासच नव्हे. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. हा खेळ स्त्रियांना मुळीच योग्य नाही, आणि धर्मकार्यासाठी जमविलेल्या पैशांतील फार मोठा भाग खर्चातच जातो, अशी कारणे त्यात होती. आपल्याशी संलग्न क्लबांनी स्त्रियांना मैदाने देऊ नयेत, असे त्यात बजावले होते. खेळावर बंदी नव्हती, बंदी होती ती मैदानावर. माझ्या मते या ठरावाची खरी धार येथेच आहे. चेंडू काढून घेण्याची गरजच पडली नाही, चेंडू ठेवायची जागा काढून घेतली की झाले.

तरीही या स्त्रिया खचल्या नाहीत. १९२२ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे पुरुषांच्या संघांशी खेळून काही सामने जिंकल्या. परत आल्यावर असोसिएशनच्या ताब्यात नसलेल्या मैदानांवर, शेतांत, मोकळ्या जागांत खेळत राहिल्या. १९२६ पासून संघाचे नाव 'प्रेस्टन लेडीज' झाले. १९१७ ते १९६५ या काळात ८२८ सामने झाले. त्यांपैकी ७५८ जिंकले, ४६ बरोबरीत सुटले आणि अवघे २४ हरले, असा हिशेब दिला जातो. अखेर नव्या खेळाडू मिळेनाशा झाल्या आणि १९६५ मध्ये संघ बंद पडला. असोसिएशनची ती बंदी उठली १९७१ मध्ये, म्हणजे सहा वर्षे उशिरा! नव्या खेळाडू का मिळाल्या नाहीत, याचे उत्तर त्या ठरावातच आहे. मोठ्या मैदानावर स्त्रियांचा सामना ज्या मुलीने कधी पाहिलाच नाही, तिच्या मनात खेळण्याची इच्छा यावी कशी?

आता आपल्या देशाकडे पाहू. भारतात महिला फुटबॉल महासंघ १९७५ मध्ये स्थापन झाला. कालिकतला झालेल्या १९७९च्या आणि बँकॉकला झालेल्या १९८३च्या आशियाई स्पर्धेत भारतीय मुली उपविजेत्या ठरल्या. गुण होता, पण वर्षभर खेळायला क्लबांची राष्ट्रीय लीग नव्हती. ती सुरू झाली २०१६–१७ च्या हंगामात. त्या पहिल्या अंतिम फेरीत आपल्या महाराष्ट्रातून 'एफसी पुणे सिटी'चा महिला संघ होता. २०१९ मध्ये मूळ क्लबच बंद झाला आणि मुलींचा संघही गेला. 'कोल्हापूर सिटी'ही लीगमध्ये उतरला. मुंबईच्या 'केंकरे'ने २०२० मध्ये उपांत्य फेरी गाठली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतीय महासंघाला निलंबित केले. तेव्हा केरळच्या 'गोकुलम'च्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. त्यांना एकही सामना न खेळता परतावे लागले. निर्णय पुन्हा दुसऱ्याच कोणाचा होता आणि भोगले मुलींनी.

या साऱ्या अभ्यासातून मला एक धडा मिळाला. महिला संघाचे आयुष्य गोलांच्या संख्येवर ठरत नाही. ते ठरते त्याला हक्काचे मैदान, नियमित प्रतिस्पर्धी आणि स्वतःचा कारभार आहे किंवा नाही यावर. ५३,००० प्रेक्षक असलेल्या संघाला एका ठरावाने बेघर केले, तर आम्हा आठ-दहा जणींची काय कथा! म्हणूनच आम्ही चषक मागत नाही, बूट मागत नाही. आठवड्यातून तीन दिवस, सायंकाळी एक तास, तेवढे मैदान आमच्या नावे लिहून मिळावे एवढाच आमचा अर्ज आहे. तोंडी शब्द नको, लेखी हवे. लेखी ठरावाने काय होते, हे प्रेस्टनने शिकविले आहे.

आणि त्या काकांना माझे उत्तर असे : काका, आमचं अठी काम हाय. ते शंभर वर्षांपूर्वीच सुरू झालं, मधी कोणीतरी थांबवलं होतं, एवढंच.